पडद्याशेजारचा माणूस

राजापेठेत ट्यूशन क्लासच्या पाट्यांच्या रांगेत एक दुकान असं होतं, की त्याच्यासमोरून जाताना माणसाला शिंक यायचीच. ते वाहेदभाईंचं गाद्यांचं दुकान. रुईची बारीक धूळ दारातून थेट रस्त्यावर यायची आणि आत, अर्धवट भरलेल्या गादीवर मांडी घालून, हातात दाभण घेऊन वाहेदभाई टाके घालत बसलेले असायचे. वय साठीच्या पुढे गेलेलं. दाढी पांढरी होतीच, रुई बसून बसून भुवयाही पांढऱ्या दिसायच्या. गिऱ्हाइकाशी बोलणं मोजकं. "केवढी पायजे? रुई घरची का आमची? सोमवारी न्या." एवढ्यात व्यवहार आटपायचा.

या अबोल माणसानं एके काळी बहिरमच्या जत्रेत तंबूभर लोकांना नुसत्या बोलण्यावर खिळवून ठेवलं होतं, हे कुणी सांगितलं असतं तर राजापेठेत कुणाला पटलं नसतं. पण सांगणारं तरी कोण होतं? वाहेदभाई स्वतः ती गोष्ट कधी काढत नसत.

ते मूळचे अकोल्याचे, पिंजाऱ्याच्या घरातले. बाप खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा. पोराचा हात सुईवर चांगला बसलेला. ते पाहून खुशालराव नावाच्या टुरिंग टॉकीजवाल्यानं त्याला आपला तंबू शिवायला नेलं. तंबूला शिवण कायमच लागायची, कारण फुकटात सिनेमा बघायला गावोगावचे पोट्टे कनातीला ब्लेड मारायचे. वाहेद दिवसा भोकं शिवायचा, रात्री शेजारीच नवी पडायची. नोकरी पक्की होती म्हणायची.

एका वर्षी बहिरमला तंबू पडलेला. थंडी मी म्हणत होती, भाकरी-मटणाच्या चुलींचा धूर तंबूवरून तरंगत होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती. सिनेमा सुरू झाला आणि पहिलंच रीळ चालू असताना प्रोजेक्टरचा आवाज काढणारा दिवा उडाला. पडद्यावर चित्र हलतंय, हिरोचं तोंड हलतंय, पण आवाज नाही. दुसरा दिवा अकोल्याला. आधी शिट्ट्या झाल्या, मग मातीची ढेकळं पडद्यावर येऊ लागली. खुशालरावांचा चेहरा उतरला. "आता तंबूच पेटवतेत हे," ते म्हणाले.

वाहेद तेव्हा पडद्याच्या डाव्या बाजूला, सुटलेली दोरी धरून उभा होता. शेजारी खेळाची जाहिरात करायचा माइक लटकत होता. भोंग्याला काही झालं नव्हतं. वाहेदनं तो सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता. त्यानं दोरी खुंटीला बांधली आणि माइक हातात घेतला.

"राजेहो, हिरोचा गळा बसला," तो भोंग्यातून म्हणाला. "काल बहिरमच्या थंडीत उघड्यावर झोपला गधा. तो मले म्हणते, वाहेद, आजच्या दिवस माह्याकून तू बोल."

तंबू हसला. आणि वाहेद बोलायला लागला. हिरो बोलला, हिरोईन बोलली, तिचा बाप खोकला, पाटलाचं घोडं खिंकाळलं. खलनायकाला त्यानं असा काही वऱ्हाडी सावकारी आवाज दिला, की बायाबापड्यांनी त्याला उठून शिव्या घातल्या. खेळ संपला तेव्हा लोक उठेनात. दुसऱ्या दिवशी दिवा आला, आवाज सुरू झाला, तर तिकिटाच्या खिडकीवर लोक विचारायला लागले, "तो बोलनारा पोट्टा हाय का नाई आज?"

खुशालराव धंदेवाईक माणूस. पुढच्या हंगामात ते असले सिनेमे आणायला लागले जे वऱ्हाडात कुणी हातात धरले नसते. इंग्रजी, रशियन, कुठल्याशा भाषेतले. भाषा कुणाला कळो न कळो, वाहेद सांगणार होता. बैलगाडीवर पाटी फिरायची, तिच्यावर सिनेमाचं नाव बारीक आणि 'वाहेद सांगतो' हे ठळक. अंजनगाव, परतवाडा, चांदूर, मूर्तिजापूर. किती वर्षं हे चाललं! मग गावोगाव व्हिडिओ आले, तंबूत माणसं यायची थांबली. तंबू अकोल्यात एका गोदामात गुंडाळून पडला आणि उंदरांनी त्याची वाट लावली. खुशालरावही गेले.

वाहेद रुईकडे परत आला. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. बाप घाईनं म्हणाला, "तमाशा था वो, छोड दिया. अब गादी का काम है." तो शब्द वाहेदच्या मनात बसला तो बसलाच. त्याला स्वतःलाही आतून तसंच वाटायचं. मशीन बिघडलं म्हणून आपण उभे राहिलो. फाटलं तिथं लावलेलं ठिगळ ते. ठिगळाची काय गोष्ट सांगायची? खुर्शीदबीशी निकाह झाला, अमरावतीला दुकान टाकलं, मुलीबाळी उजवल्या, आणि वाहेदभाई हळूहळू गप्प होत गेले.

आता या गोष्टीत कमलाकांत सर येतात. ते कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आजा, पणजा भिक्षुकी करणारे. यांनी मात्र जन्मभर सिनेमाची पूजा केली. गावातली दहा-बारा डोकी जमवून ते महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जुने परदेशी सिनेमे दाखवायचे. एका दुपारी ते जुनी गादी पिंजायला घेऊन आले. भारनियमनाची वेळ होती. पिंजायचं मशीन बंद. वाहेदभाई हातानं टाके घालत बसलेले. सर स्टुलावर टेकले आणि लाइट येईपर्यंत काय करायचं म्हणून स्वतःच्या आनंदाची गोष्ट सांगू लागले. आनंद झालेला माणूस समोर कोण आहे हे फारसं बघत नाही.

"वाहेदभाई, तरुणपणापासून एक पुस्तक शोधत होतो. जपानी सिनेमावरचं. छापणं केव्हाच बंद झालेलं. नागपूरला विचारलं, मुंबईला पत्रं टाकली, कुठं नाही. दुसऱ्या पुस्तकांच्या तळटिपांत नुसतं त्याचं नाव वाचायचं आणि गप्प बसायचं. आणि परवा स्वानंदचा पुण्याहून फोन आला. बाबा, म्हणे, कॉम्प्युटर लावा. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीनं अशी बंद पडलेली पुस्तकं लिहिणाऱ्यांना विचारून एकेक पान स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलीत. फुकट! कुणीही वाचावं."

"कोनीबी?" वाहेदभाईंनी टाका ओढत विचारलं.

"कुणीही. तुम्हीसुद्धा."

वाहेदभाई किंचित हसले. सरांचं चालूच होतं. "काय एकेक गोष्टी आहेत त्यात! मुक्या सिनेमांच्या काळात जपानात म्हणे पडद्याशेजारी एक माणूस उभा राहायचा आणि सगळी गोष्ट सांगायचा. सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. बेन्शी म्हणायचे त्याला."

दाभण थांबलं.

"कोन्या बाजूले?" वाहेदभाई म्हणाले.

"काय?"

"पडद्याच्या कोन्या बाजूले उभा राहे तो मानूस?"

सरांनी डोळे मिटून पान आठवलं. "डाव्या. डाव्या बाजूला, असं लिहिलंय."

वाहेदभाईंनी दाभण गादीत खोचून ठेवलं. गुडघ्यांवरची रुई झटकली. "मीबी डाव्याच बाजूले राहो, सर," ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बहिरमची, दोरीची, उडालेल्या दिव्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. मधे लाइट आली, मशीन सुरू करायचं राहून गेलं, आणि सरांची गादी त्या दिवशी पिंजली गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी वाहेदभाई सरांच्या घरी जाऊ लागले. लाइट असेल तेव्हा. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपर उघडला की पहिल्याच पानावर कुठल्या तरी गावाचं नाव आणि खाली कुण्या शेतकऱ्याची तीच बातमी; सर अलीकडे पेपर मागच्या पानाकडून वाचायचे. दुपारच्या त्या वाचनाची दोघांनाही ओढ लागली. कॉम्प्युटरवर पुस्तकाचं पान वरून खाली अगदी सावकाश उलगडायचं, अर्ध्यात अडायचं, पुन्हा सरकायचं. वाहेदभाई खुर्चीच्या टोकाला बसून पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे बघायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. सर वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"सर, रागाले नका येऊ. पन तुमी हे असं हजेरी घेतल्यावानी सांगून राहिले. त्यो बेन्शी स्टेजवर आला, दिवा लावला, पानी प्यायला, हे खरं. पन कसा आला? लोकं गप झाले का टाळ्या वाजवून राहिले? आयकनाऱ्याले दिसलं पायजे ना."

"अहो, पुस्तकात एवढंच आहे."

"पुस्तकात एवढंच हाय म्हनूनच तं सांगनारा लागते."

सर आयुष्यभर वर्गात शिकवत आलेले. पण हे त्यांना पटलं. चौथ्या दिवसापासून ते उठून उभे राहून सांगायला लागले. आतून त्यांच्या सौभाग्यवती गोदावरीबाई चहा घेऊन आल्या, तर नवरा पाय आपटत जपानी सामुरायाच्या चालीनं चाललेला आणि गादीवाले वाहेदभाई मान हलवून दाद देत असलेले. त्यांनी चहा ठेवला आणि त्याही एक खुर्ची ओढून बसल्या.

पुस्तकात बरंच होतं. त्या माणसांची नावं जाहिरातीत नटांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचे. लोक सिनेमा कुठला आहे हे बघून जायचे नाहीत, सांगणारा कोण आहे हे बघून थेटर निवडायचे. सांगणाऱ्याला रडण्याचा प्रसंग लांबवायचा असला की तो मशीनवाल्याला खूण करायचा आणि मशीनवाला हात सावकाश फिरवायचा. एका पानावर फोटो होता. उंच टेबलामागे एक माणूस उभा, समोर कागद, बारीक दिवा, चेहऱ्यावर ऐट. वाहेदभाई तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

"सर, या लोकायचं मशीन बिघडलेलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. मशीन ठणठणीत. लोकांना सांगणारा हवाच होता."

"म्हंजे ठिगळ नाई."

"ठिगळ कसलं? उलट सिनेमाच त्यांच्याभोवती उभा होता."

खिशातला रुमाल काढून वाहेदभाईंनी चष्मा पुसला. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी खुर्शीदबीसाठी अंजनगावची पानं घेतली, चुना-काथ वेगळा बांधून. तिला कारण कळलं नाही, पण पान तिनं आवडीनं खाल्लं.

पुढचं प्रकरण होतं बोलपट आल्यानंतरचं. सर वाचता वाचता अडखळले. म्हणाले, "हे पुढचं राहू द्या."

"काहून?"

"या लोकांचं काम गेलं तेव्हाचं आहे. त्यांनी संप केले, मोर्चे काढले. काही उपयोग झाला नाही. एकानं तर..." सर थांबले. त्या वर्षांत वऱ्हाडात ते वाक्य कुणी पुरं करायचं नाही, आणि करायची गरजही नसायची.

"वाचा," वाहेदभाई हळूच म्हणाले. "बाकीच्यायचं काय झालं?"

बाकीचे जगले होते. कुणी रस्त्यावर मुलांना चित्रं दाखवून गोष्टी सांगू लागला, कुणी दुकान टाकलं, कुणी गावाकडे गेला. वाहेदभाईंनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. आपल्याला हाताशी सुई होती, हे त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी प्रथमच त्यांना दाभणाबद्दल, रुईबद्दल, त्या शिंका आणणाऱ्या दुकानाबद्दल बरं वाटलं.

तोवर भगवंत आला. भगवंत सरांचा जुना विद्यार्थी, चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. त्याला गावासाठी काहीतरी हवं होतं. "सर, औंदा आमच्या गावात गणपतीतबी कोनी नाटक नाई बसवलं," तो म्हणाला. "दर आठवड्याले कोनी तरी साहेब येते, भाषण देते, हिंमत धरा म्हनते अन् जाते. लोकं कंटाळले. भाषण नसन असं काई तरी द्या."

सरांनी वाहेदभाईंकडे पाहिलं. वाहेदभाईंनी छताकडे पाहिलं.

पुस्तकाच्याच जोडीला त्या संकेतस्थळावर काही जुने मुके जपानी सिनेमेही बघायला मिळत होते. स्वानंदनं त्यातला एक सीडीवर उतरवून पाठवला. गोष्ट एका नावाड्याची. बायको वारलेली, एक तरणी मुलगी. नदीवर पूल बांधायचं काम निघतं आणि त्याच्या नावेला गिऱ्हाईक राहत नाही. मुलगी पुलाच्या मजुरांना जेवण रांधून घालते म्हणून बाप तिच्याशी बोलणं टाकतो. मग पूर येतो. अर्धवट पुलावर मजूर अडकतात. म्हातारा नाव पाण्यात लोटतो, आणि तिथं सिनेमा तुटतो. पुढचं रीळ जगात कुठंच उरलेलं नाही. जपानातले त्या काळचे बहुतेक मुके सिनेमे असेच भूकंपात, युद्धात, आगीत गेले. पण पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट होतं, आणि त्यात जुन्या मासिकांवरून काढलेलं या सिनेमाचं कथानक शेवटापर्यंत दिलेलं होतं. नावाडी सगळ्यांना वाचवतो, शेवटच्या खेपेला स्वतः बुडतो. मुलगी पुरा झालेला पूल चालून जाते.

"चित्र संपल्यावर शेवट तुम्ही तोंडी सांगायचा," सर म्हणाले. "पण जसा आहे तसा. एका विद्वान माणसानं कष्टानं जपून ठेवलाय तो."

"तसाच सांगतो," वाहेदभाई म्हणाले. "पन माहा आवाज गेला असन, सर. इतक्या सालाचा बंद हाय."

आवाज परत आणायला ते टाके घालताना पुटपुटू लागले. कधी म्हाताऱ्याचा आवाज, कधी मुलीचा, कधी पुराचा. मागच्या खोलीतून खुर्शीदबीला ते ऐकू यायचं. पहिले दोन दिवस ती गप्प बसली. मग शेजारणीला म्हणाली, "इनको कुछ हो गया है. गादी से बातां करते." तिनं दर्ग्यावर न्यायचं ठरवलं तेव्हा मात्र वाहेदभाईंना खरं सांगावं लागलं. संसाराला इतकी वर्षं झाली, आणि आपला नवरा एके काळी पाटीवर ठळक अक्षरांत छापला जायचा, हे तिला त्या दिवशी कळलं. ती आधी रुसली. मग म्हणाली, "मैं भी आती."

खेड्यात लाइट दुपारचीच असायची, म्हणून खेळ दुपारी ठरला. शाळेच्या हॉलमध्ये अंधार करायला वाहेदभाईंनी दुकानातल्या रजया नेल्या. भगवंतानं खिडक्यांवर खिळे ठोकून त्या टांगल्या. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या. आत असा गुडुप अंधार झाला की बाया म्हणाल्या, "मायबाई, कोंबड्यायच्या खुराड्यात आल्यावानी वाटते." अर्ध्या गावानंच हॉल भरला, बाकीचे दारात एकमेकांच्या खांद्यावरून बघत उभे राहिले.

समोर अगदी पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. पार्बताबाई. गावात तिला न विचारता पान हलत नसे असं भगवंतानं आधीच सांगून ठेवलं होतं. सिनेमा सुरू झाला. वाहेदभाई डाव्या बाजूला उभे राहिले. नावाडी पडद्यावर आला तरी त्यांनी माइक तोंडाशी नेला नाही.

"का रे बाप्पा, बोलत काहून नाई?" पार्बताबाईनं मोठ्यानं विचारलं.

तेवढं पुरलं. "बोलतो माय," वाहेदभाई म्हणाले. "हा नावाडी म्हने, पहिले त्या पुढच्या बाईले नीट बसू दे."

हॉल हसला आणि वाहेदभाईंचा आवाज आला. कुठून आला कोण जाणे. साठी ओलांडलेल्या त्या छातीतून तो बहिरमच्या तंबूतला पोरगाच बोलू लागला. जपानची नदी त्यांनी लोकांना ओळखीची करून दिली. "आपली वर्धा श्रावनात फुगते ना, तशी समजा." मुलीच्या तोंडी त्यांनी गावातल्या मुलींची बोली घातली. बाप तिच्याशी बोलत नाही तो प्रसंग आला. पडद्यावर दोघं एकाच चुलीजवळ पाठमोरे जेवत होते. वाहेदभाई तिथं एक अक्षर बोलले नाहीत. सगळा हॉल त्या दोघांचं जेवण ऐकत बसला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सरांना वाटलं, हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

पार्बताबाईचं मधे मधे चालूच होतं. "तिले म्हना, तूच बोल पहिले. बापाले अक्कल नसते." वाहेदभाई मुलीला तसं म्हणायला लावायचे. हसू उसळायचं.

पूर आला. म्हाताऱ्यानं नाव लोटली. आणि चित्र तुटलं. पडदा नुसता पांढरा झाला.

"लाइट गेली!" कोणीतरी ओरडलं.

"लाइट नाई गेली," वाहेदभाई म्हणाले. "पुढचं रीळ जळालं. त्या देशात मोठा भूकंप झाला, मोठी लढाई झाली, त्याच्यात गेलं. पन एका विद्वान मानसानं पुढची गोष्ट लिवून ठेवली, अन् आमच्या सरायनं ती मले वाचून दाखवली. आता डोये मिटा अन् आयका."

ते सांगत गेले. पहिली खेप. दुसरी. मजूर काठाला लागले. मुलगी काठावर उभी राहून हाका मारते आहे. म्हातारा शेवटच्या खेपेला निघाला. पाणी वाढलं. वाहेदभाईंनी श्वास घेतला आणि म्हणाले, "अन् नाव मधात आली तवा..."

"थांब," पार्बताबाई म्हणाली.

तिचा आवाज आता मघासारखा नव्हता. "त्याले मारतं का तू?"

वाहेदभाई तिच्याकडे वळले.

"नको मारू त्याले, बाप्पा. लय झाले मेलेले."

रजईच्या कडेतून उन्हाची एक रेघ आत आलेली होती, तीत धूळ तरंगत होती. सरांना वाहेदभाईंचा चेहरा दिसत होता. ते पांढऱ्या पडद्याकडे बघत होते, जणू तिथं काही चाललेलं आहे आणि त्यांना ते नीट वाचायचं आहे.

"नाव मधात आली," ते पुन्हा म्हणाले, "अन् पालथी झाली. पोट्टीनं काठावर टाहो फोडला. सारं गाव रडलं. पन नावाडी होता तो, माय. पन्नास साल त्या नदीचं पानी प्यायलेला. नदी त्याले ओयखे. तिनं त्याले वाहत वाहत खाली नेलं, अन् दोन कोसावर एका मासे धरनाऱ्या कोयाच्या जाळ्यात टाकलं. सकाळी कोयी जाळं ओढून राहिला तं म्हने, एवढी मोठी मासोळी काय हो! पायते तं म्हातारा. डोये उघडून म्हनते, मासोळी नाई बावा, चहा आन."

आधी एक बाई हसली. मग सगळा हॉल. पार्बताबाई पदरानं डोळे पुसत हसत होती. वाहेदभाईंनी म्हाताऱ्याला काठाकाठानं चालवत घरी आणलं, मुलीशी बोलायला लावलं, आणि मग माइक खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दारातल्यांनी शिट्ट्या मारल्या. बायांच्या घोळक्यात खुर्शीदबी उभी होती. शेजारची बाई तिला विचारत होती, "तुमचे मालक का हे?" आणि खुर्शीदबी मान ताठ करून म्हणत होती, "हाव, आमचेच."

परतताना जीपमध्ये खुर्शीदबी नवऱ्याला म्हणाली, "घर में तो नमक मांगने को भी मुंह नहीं खुलता. आज से रोज बोलना पडेगा." वाहेदभाई बाहेरच्या तुरीकडे बघत हसत राहिले.

सरांना मात्र रुखरुख लागली होती. "शेवट बदललात तुम्ही," ते म्हणाले.

"बदलला, सर."

"त्या लेखकानं वर्षानुवर्षं मासिकं चाळून..."

"त्याच्या पुस्तकात त्याचा शेवट हाय ना? तो कोठी जाते? फुकट ठेवला हाय, कोनीबी वाचन. पन त्या बाईले मी काय सांगू?"

सर घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडून बसले. त्यांना कुठंतरी वाचल्याचं अंधुक आठवत होतं, आणि दोन दिवसांनी ते सापडलंही. खेड्यापाड्यांत फिरणारे बेन्शी लोकांचा कल बघून शेवट फिरवीत, आणि कंपन्यांना ते आवडत नसे, असं लेखकानं लिहिलं होतं. सर तडक दुकानात आले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. वाहेदभाई म्हणाले, "पाह्यलं? जातभाई."

मग सरांनी त्या युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाला ईमेल केला. आभार मानले, आणि चांदूरजवळच्या खेड्यात काय घडलं ते सविस्तर लिहिलं. उत्तराची अपेक्षा नव्हती. पण आलं. ग्रंथालयातल्या बाईंनी लिहिलं होतं, की पुस्तकाचे लेखक आता फार थकलेत, दृष्टी गेली आहे; त्यांच्या मुलीनं तुमचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. आपलं पुस्तक आता कुणी वाचत नसेल असं ते धरून चालले होते. त्यांनी मजकूर दोनदा वाचायला लावला आणि एकच विचारलं आहे: नावाडी वाचला, मग पूल झाल्यावर त्यानं काय केलं?

सरांनी प्रश्न दुकानात आणला. वाहेदभाईंनी विचार करायला सबंध एक गादी घेतली.

"लिवा," ते मग म्हणाले. "लिवा का त्यानं थोडे दिवस पुलाले शिव्या देल्या. मंग जाळं विनाले बसला त्या कोयाजवळ. हाताले गाठी मारता येत होत्या त्याच्या. अन् संध्याकायी पुलावर बसून पोट्ट्यायले पुराची गोष्ट सांगे."

सरांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. उभं राहून दोनदा मोठ्यानं वाचलं, मग पाठवलं.

त्यानंतर खेळ होत राहिले. अकोल्याला एका सिनेमाप्रेमी मंडळानं बोलावलं. वाहेदभाई आपल्या जुन्या गावात इस्त्रीचा कुर्ता घालून उभे राहिले. तिथले लोक जाणकार, त्यांना मूळ शेवट हवा होता. वाहेदभाईंनी मूळ शेवट सांगितला, आणि तोही असा सांगितला की सभागृहात बराच वेळ कुणी उठलं नाही. पण घरी येताना ते सरांना म्हणाले, "खेड्यातच बरं वाटते. थ्या लोकायले मधात बोलता येते."

दुकान चालूच राहिलं. पिंजायचं मशीन त्यांनी जावयाच्या हवाली केलं, टाके मात्र स्वतःच घालत. फरक एवढाच पडला की गिऱ्हाइकाला आता सोमवारी या म्हणण्याआधी दोन गोष्टी ऐकून घ्याव्या लागायच्या, आणि काही गिऱ्हाइकं गादी नसतानाही येऊन बसायची. सर त्या संकेतस्थळावर रोज नजर ठेवून असायचे. नवं जुनं पुस्तक आलं की धावत यायचे, जणू त्यांच्या घरी पाळणा हलला आहे.

एकदा भगवंत पार्बताबाईचा निरोप घेऊन आला. म्हातारीला पुढचा सिनेमा लगनाचा हवा होता. चांगलं धूमधडाक्याचं लगन, आणि कुणी मरायचं नाही.

"जपानी लगन लागते कसं?" वाहेदभाईंनी सरांना विचारलं. "अक्षता टाकतेत का? वरात निघते का? पहिले थे पुस्तकातून काढा. मले म्हातारी मधात हज्जार गोष्टी विचारन."

सरांनी चष्मा लावला. लाइट नुकतीच आली होती.